लांब टेबल, अरुंद दार

शनिवारी सकाळी मिस थर्झा ऑर्चर्ड टोस्टला संत्र्याचा मुरंबा लावत होती, तेव्हा दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. सायकलवरून आली होती, धापा टाकत होती, आणि तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा होत्या.

"बसा," थर्झा म्हणाली. "खुर्च्यांच्या बैठका विणता तुम्ही. लव्हाळ्यानं बोटं अशीच कापतात. नेदरकोमला बिडमेडांच्या कारखान्यात ना?"

मुलीने मान हलवली. टेबलापलीकडे थर्झाचा मावसभाऊ सेप्टिमस हेल अंडं फोडायचं सोडून बघत राहिला. तीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवलेला हा माणूस थर्झाच्या प्रत्येक तर्काने नव्याने चकित होत असे. तिलाही ते आवडायचं, म्हणून ती त्याला बरोबर नेत असे.

मुलीचं नाव नेल. तिने एका दमात सगळं सांगितलं. कारखान्यातलं ओकचं मोठं टेबल गुरुवारी संध्याकाळी नाहीसं झालं होतं. मालक जोनस बिडमेड यांनी ते लंडनच्या मिस्टर पेलना विकलं होतं, आणि आज दुपारी बारा वाजता पेलचा ट्रक ते न्यायला येणार होता. टेबल मिळालं नाही तर जोनस टोबिटला पोलिसांच्या हवाली करणार होते.

"टोबिट कोण?" सेप्टिमसने विचारलं.

"कारागीर आहे. दोन वर्षं झाली येऊन." नेल लाल झाली. "पुढच्या शनिवारी आमचं लग्न आहे. म्हणजे, होतं."

थर्झाने टोस्ट तसाच ठेवला आणि मोटारीची किल्ली उचलली. सेप्टिमसने मात्र आपलं अंडं रुमालात गुंडाळून घेतलं.

वाटेत नेलने उरलेलं सांगितलं. टेबल तिच्याच लग्नासाठी केलं होतं, पण टोबिटबरोबरच्या नव्हे. तेव्हा तिचं लग्न जोनसचा मुलगा राल्फ याच्याशी ठरलं होतं; तो, त्याचे वडील आणि मामा इनॉक, अशा तिघांनी ते महायुद्धाच्या आदल्या वर्षी केलं. राल्फ फ्रान्सहून परत आला नाही. टेबल कारखान्याच्या टोकाला तसंच उभं राहिलं. त्यावर कधी कोणी जेवलं नाही. राल्फची आई डोर्कस दर शनिवारी त्याला मेण लावायची, एवढंच.

"आणि विकायचं कधी ठरलं?"

"चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली सूचना वाचली त्या दिवशी," नेल म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

जोनस बिडमेड उंच, पांढऱ्या दाढीचा, आणि रागावलेला होता. त्याच्या कारखान्यात शिरताच सेप्टिमस पहिल्या दिसलेल्या खुर्चीत बसला आणि त्याला उठावंसं वाटेना.

"हिच्यात काय आहे हो?" तो हात फिरवत म्हणाला. "नक्षी नाही, पॉलिश नाही, आणि उठवत नाही."

जोनसचा राग जरा उतरला. त्याच्या खुर्चीचं कौतुक केलं की तो कोणाचाही मित्र व्हायचा.

"लंडनला मी कारखान्यात द्राक्षं चिकटवायचो," तो म्हणाला. "यंत्रानं कोरलेली लाकडी द्राक्षं, कपाटांवर. दिवसभर द्राक्षं. खाली हलकं लाकूड, वर महागाचा पापुद्रा, आत सरस. एक दिवस घरी जाऊन बायकोला म्हटलं, स्वतःची लाज वाटणारं सामान आता पुरे. तेव्हा आमच्यासारखे वेडे बरेच होते. कोणी वास्तुविशारदाचं काम सोडून आला, कोणी बँक. इथे ओक होतं, जुने गाडे बनवणारे होते, त्यांच्याकडून शिकलो. सांधा लपवायचा नाही. खाच कुठे आहे, पाचर कुठे मारली, बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. माणूस जेवता जेवता सांध्यावरून बोट फिरवतो. ते बोट फिरावं म्हणून आम्ही जगतो."

"टेबलही तसंच?"

"त्यात एक थेंब सरस नाही, एक खिळा नाही. वर तीन लांब फळ्या, खालून आडपट्ट्या सरकवलेल्या, पाय पाचरींवर. राल्फची ती पहिलीच मोठी..." तो थांबला. "जाऊ दे. बारा फूट लांब वस्तू. कारखान्याला दोन दारं. ते मागचं लाकूडखान्यात उघडतं. त्यातून टेबल जात नाही, आडवं करा, उभं करा. मोठ्या दाराला कुलूप होतं. किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, मी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला, अख्ख्या गावासमोर. दुसरी टोबिटकडे. झालं की नाही?"

थर्झा मोठ्या दाराबाहेर गेली. दारापासून शेतापर्यंत ओली माती होती आणि तिच्यात डेझीची फुलं दाट उगवली होती. एकही मोडलेलं नव्हतं. मग तिने मागच्या दाराची रुंदी आपल्या छत्रीने मापली. दार एका माणसाला बेताचंच होतं.

"सगळीकडे शोधलंत?"

"गावातले गोठेसुद्धा सोडले नाहीत."

"आणि हा लाकूडखाना?"

"बघितला ना. लाकूड आहे तिथे," जोनस म्हणाला.

मिस्टर पेल अंगणातच फेऱ्या मारत होते. चांगला कोट, चांगले बूट, आणि चिखलाची भीती. त्यांचा लंडनला सामानाचा मोठा कारखाना होता.

"मी कशाला चोरू?" ते म्हणाले. "मला ते आज मिळणारच होतं. माझी माणसं त्याची मापं घेणार, वर्षाला पाचशे टेबलं काढणार. लोकांना हल्ली हा साधेपणा फार आवडतो. पाचरी नुसत्या वरून चिकटवल्या तरी चालतं, कोण ओढून बघतंय?"

सेप्टिमसने आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं, पण त्या क्षणी त्याने हात खिशात घातले.

टोबिट विहिरीच्या काठावर बसला होता. शांत, रुंद खांद्यांचा. गुरुवारी संध्याकाळी कुठे होतास, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही.

"नेलसमोर सांगायचं नाही का?" थर्झाने विचारलं. नेल कारखान्यात गेली होती. थर्झाने वाकून त्याच्या विजारीच्या दुमडलेल्या टोकातून एक काळपट तपकिरी सालपट काढलं. "अक्रोड. बिडमेडांच्या कारखान्यात तर सगळीकडे ओकच दिसतं."

टोबिट ओशाळून हसला. "पलीकडच्या गावात गाडेवाल्याच्या पडवीत पेटी करतोय. तिच्या कपड्यांना. ती बघायला गेली असती तर..."

"मग मालकांना का नाही सांगितलंस?"

"ते सगळ्यांसमोर ओरडत होते. नेलही होती. आणि बाई, खरं सांगू? ते टेबल जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मी त्या मुलाला कधी पाहिलं नाही, पण त्याचे सांधे रोज बघतो. चांगला माणूस असणार."

"लाकूडखाना तू आवरतोस?"

"छे. तो इनॉकचा. मला फक्त शेगडी पेटवायला सरपण आणू देतो. तेही नीट नाही. कोपऱ्यात सालीसकट दोन फळकुटं कित्येक वर्षं पडलीत. दोनदा मागितली जाळायला. दोन्ही वेळा असं बघितलं त्यानं माझ्याकडे, जसं काही मी चर्चचा बाकच मागितला."

डोर्कस बिडमेडच्या स्वयंपाकघरात चहा झाला. खिडकीला, किटलीच्या टोपीला, सगळीकडे तिने स्वतः लाकडी ठशांनी छापलेलं कापड होतं, पांढऱ्यावर काटेरी झुडपाची निळी फळं. सेप्टिमसने केकचा दुसरा तुकडा घेतला आणि कापडाचं कौतुक केलं.

"विकता का हो हे?"

"नाही. बिघडलेला तुकडाही बाहेर देत नाही," डोर्कस म्हणाली. "घरचं ते घरात." ती लहानखुरी, ताठ बाई होती. "गुरुवारी? माझं डोकं दुखत होतं. सरावाला गेले नाही. काही ऐकलं नाही."

तेवढ्यात नेल आत आली. डोर्कसने तिच्या हातात चहाचा मग दिला. "मिस्टर पेग्लरना सांग, चहा तयार आहे. आणि म्हणावं, मग परत करताना धुऊन करा."

"मिस्टर पेग्लर म्हणजे?" थर्झाने विचारलं.

"इनॉक. माझा भाऊ." डोर्कसने किटली जरा जोरातच ठेवली. "राल्फ लढाईवर जायचं म्हणत होता, तेव्हा हा त्याला स्टेशनवर सोडायला गेला. गाडीत बसवून आला. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. माझ्या घरात त्याचं पाऊल नाही, त्याच्या घरात माझं नाही."

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं एकाच अंगणात काम करायचे आणि नेल दिवसभर निरोप पोचवायची. "मिसेस बिडमेडना सांग, केक करपलाय." "मिस्टर पेग्लरना सांग, नाक धरून खा."

इनॉक पेग्लर लाकूडखान्यात होता. रिमझिम सुरू झाली होती आणि छपराच्या जुन्या फटींतून थेंब गळत होते. आत ओकचा आंबट वास होता. भिंतीशी फळ्यांचे उंच ढीग होते, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या काठ्या, वारा खेळावा म्हणून.

इनॉकने एका हाताने मग धरला होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती.

"हे काय झालं?"

"पटाशी लागली. काल."

"कोणी बांधलं?"

"मीच. एकटा राहतो मी, कोण बांधणार?"

थर्झाने पट्टीकडे क्षणभर पाहिलं. कापडाची कड आत दुमडली होती, पण टोकाशी निळा ठिपका दिसत होता. ती दुसरंच बोलली.

"हे ढीग असे का रचता?"

इनॉक खुलला. त्याला कोणी हे विचारत नसे. "झाड जसं कापलं तसं ठेवायचं. सालीचं फळकूट तळाला, मग पहिली फळी, दुसरी, तिसरी, शेवटी वरचं सालीचं. म्हणजे झाड पुन्हा उभं राहतं, फक्त मधे हवा. क्रम चुकला तर झोप येत नाही मला. वेडेपणा आहे, पण इथे सगळ्यांनाच तो लागलाय. पण बाई, पुरं झाड एकही नाही हं इथे आता. प्रत्येकातून काही ना काही काढलंय. याचं कपाट झालं, त्याच्या खुर्च्या झाल्या. सगळी बोळकी तोंडं."

"आणि राल्फच्या टेबलाचं झाड?"

इनॉकने चहाचा घोट घेतला. "चर्चमागच्या टेकडीवरचं. वादळात पडलं होतं. राल्फ ओंडक्यावर उभा, करवतीचं वरचं टोक धरून, मी खालचं धरून खड्ड्यात, डोळ्यांत भुसा. आणि डोर्कस खडूनं फळ्यांवर आकडे..." तो थांबला. "आता त्याचं काही उरलं नाही."

सेप्टिमस कोपऱ्यातल्या एका ढिगाला टेकून उभा होता. "थर्झा, गंमत बघ," तो म्हणाला. "इथे पाणी बदकाच्या पाठीवर राहतं तसं राहतंय." वरच्या सालीखालून बाहेर डोकावणाऱ्या फळीच्या कडेवर थेंब गोल गोल उभे होते. शेजारच्या ढिगावर पडलेले थेंब मात्र लाकडात मुरून काळे डाग पडले होते.

"सेप्टिमस," थर्झा म्हणाली, "तू फार गुणी आहेस. जा, सगळ्यांना इथे बोलाव. पेलना पण."

बाराला थोडा वेळ होता. जोनस, डोर्कस, नेल, टोबिट, पेल, सगळे फळ्यांच्या ढिगांमध्ये उभे राहिले. इनॉक जागचा हलला नव्हता.

"टेबल मोठ्या दारातून गेलं नाही," थर्झाने सुरुवात केली. "बाहेर डेझी शाबूत आहेत. गाडी आली नाही, घोडा आला नाही, माणूससुद्धा टेबल घेऊन चालला नाही. म्हणजे ते या मागच्या दारातून गेलं."

"जात नाही म्हणून सांगितलं ना," जोनस म्हणाला.

"टेबल जात नाही. फळ्या जातात. तुम्हीच म्हणालात, सरस नाही, खिळा नाही. पाचरी ठोकून काढल्या, आडपट्ट्या सरकवल्या, की टेबल उरतच नाही. मिस्टर पेल यांच्या टेबलांचं असं करता येणार नाही, ती मोडावी लागतील."

पेल खोकले.

"तुम्ही टेबल शोधत होतात, मिस्टर बिडमेड. त्यामुळे लाकूडखान्यात तुम्हाला लाकूड दिसलं. इनॉकनी मला सांगितलं, इथे पुरं झाड एकही नाही. मग हे काय?"

तिने कोपऱ्यातल्या ढिगावर हात ठेवला. तळाला सालीचं फळकूट, वर सालीचं फळकूट, मधे फळी नि फळी जागच्या जागी. बाकीच्या ढिगांत खिंडारं होती. या एकात नव्हतं, आणि त्याच्यामागे भिंतीशी टेबलाचे पाय नि आडपट्ट्या दडवलेल्या होत्या.

"याच्यावर पाणी थांबतंय, कारण याला वर्षानुवर्षं दर शनिवारी मेण लागलंय. चोर असता तर त्याने फळ्या कुठेही कोंबल्या असत्या, आणि त्या मला सापडल्याही नसत्या. पण ज्याने हे केलं त्याला झाड चुकीचं रचवेना. त्याने जपून ठेवलेली सालीची फळकुटंसुद्धा जागेवर लावली. तीच, टोबिट, जी तू सरपणाला मागत होतास. ती कुठल्या झाडाची, हे तुला ठाऊकच नव्हतं. म्हणून तू नव्हेस."

नेलने टोबिटचा हात धरला. जोनसने ढिगाकडे पाहिलं, मग इनॉककडे.

"तू?"

"एकट्यानं नाही," थर्झा म्हणाली. "बारा फुटी ओकची फळी एकट्याला उचलत नाही. इनॉक, तुमच्या पट्टीची गाठ सपाट आहे, टोकं आत खोचलेली. लढाईत मी फ्रान्सला परिचारिका होते, हजारो पट्ट्या बांधल्यात. अशी गाठ एका हातानं बसत नाही, ती दोन हातांची. आणि कापडावर निळी फळं आहेत. मिसेस बिडमेड बिघडलेला तुकडाही घराबाहेर देत नाहीत."

छपरातून पाणी गळत राहिलं.

"पाचर काढताना अंगठा चेचला," शेवटी इनॉक म्हणाला. "मी ते लपवायलाच गेलो होतो, पण एक आडपट्टी सरकवून बसून राहिलो. पुढे काय करायचं कळेना. तेवढ्यात ही मेणाचं फडकं घेऊन आली. शेवटचं पुसायला. हिनं माझ्याकडे बघितलं, फडकं खाली ठेवलं आणि फळीचं दुसरं टोक धरलं."

"बोललात?" नेलने विचारलं. इतकी वर्षं तीच तर बोलत होती दोघांच्या वतीने.

"नाही," इनॉक म्हणाला.

"'उचल' म्हटलं होतं मी," डोर्कस म्हणाली. "एकदा."

मग ती नवऱ्याकडे वळली. ती ताठच उभी होती. "टोबिटवर येईल असं वाटलं नव्हतं, जोनस. काल रात्रभर डोळा लागला नाही. ट्रक रिकामा गेला की सांगणार होते. ते टेबल नेलच्या लग्नाचं आहे. राल्फनं तिच्यासाठी केलं. तो नाही म्हणून तिनं उभ्यानं जेवायचं का? तुला तिथे दुसरा मुलगा बसलेला बघवत नाही. मलाही बघवणार नाही, पहिले काही दिवस. पण पाचशे टेबलांना खोट्या पाचरी चिकटवलेल्या मला त्याहून बघवणार नाहीत."

जोनस ढिगाजवळ गेला. त्याने एका फळीच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथे राल्फने रंध्याऐवजी पटाशीने कड मऊ केली होती. टोबिटने नेलचा हात सोडला आणि टोपी काढली.

"तिसरी फळी उलटी आहे," जोनस शेवटी म्हणाला.

"नाही," इनॉक आणि डोर्कस एकदम म्हणाले.

जोनसने वाकून पाहिलं. "नाही," त्याने कबूल केलं. मग तो टोबिटसमोर गेला. त्याला माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द जड गेले. "मी चुकलो, पोरा. सगळ्यांसमोर ओरडलो, तर सगळ्यांसमोरच सांगतो."

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. पेलनी घड्याळ काढलं. "छान. म्हणजे सापडलं. माझी माणसं आत..."

"काय सापडलं?" जोनस म्हणाला.

"टेबल."

जोनस बिडमेडने आयुष्यात एकही सांधा लपवला नव्हता आणि खोटं बोलायचं त्याला जमत नसे. त्याने ढिगाकडे हात केला.

"टेबल कुठे आहे? झाड आहे हे. टेकडीवरचं. वादळात पडलेलं. तुम्ही टेबल घेणार होतात, मिस्टर पेल, झाड नव्हे. तुमची सगळी रक्कम परत मिळेल."

पेलनी थर्झाकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा."

"मला झाडच दिसतंय," थर्झा म्हणाली. "सेप्टिमस?"

"ओक," सेप्टिमसने विद्वानासारखं सांगितलं.

पुढच्या शनिवारी लग्न झालं. सकाळी जोनस आणि टोबिट यांनी टेबल अंगणात उभं केलं. पाचरी ठोकताना जोनस सांगत होता, ही राल्फची, ही माझी, ही वाकडी इनॉकची. टोबिट प्रत्येकीला मान देत ऐकत होता. नेलची अक्रोडाची पेटी दारात होती आणि येणारा जाणारा तिच्यावरून हात फिरवत होता.

बारा फुटांवर अख्खं घर बसलं आणि तरी जागा उरली. थर्झा आणि सेप्टिमसही होते. सेप्टिमस टेबलाच्या सांध्यावरून बोट फिरवत होता, आणि आपण ते करतोय हे त्याला कळतही नव्हतं. जोनस त्याच्याकडे बघून दाढीत हसला.

डोर्कसने मांसाचं ताट पुढे सरकवलं. इनॉक पार दुसऱ्या टोकाला होता. तिने सवयीने नेलकडे मान वळवली.

"नेल, मिस्टर पेग्लरना सांग..."

नवरीने बाहीची लेस सावरली आणि नकारार्थी मान हलवली. आज ती निरोप्या नव्हती.

डोर्कसने हात पुसले. मग बारा फुटांच्या ओकवरून, मुलाच्या हातच्या सांध्यांवरून, तिने समोर पाहिलं.

"इनॉक," ती म्हणाली, "मीठ इकडे दे."